पत्रिकेवर लिहिलेलं असतं, ‘आहेर आणू नये’

घणसोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: “माझा जन्म ख्रिस्ती घरातला, माहेर संगमनेरकडचं. लहानपणी बाप्तिस्मा झाला, पुढे दृढीकरण झालं, म्हणजे मंडळीसमोर विश्वासाची कबुली दिली. सभेत ‘देवाचं आमंत्रण स्वीकारा, सार्वकालिक जीवन घ्या’ असं म्हटलं की मी हात वर करते आणि पाळकांच्या मागे प्रार्थना म्हणते. असं चार वेळा झालं. आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा कोरडं. मागच्या वर्षी आई गेली, अगदी शांतपणे गेली. मला मात्र तेव्हापासून धास्ती आहे की मी खरंच स्वीकारलंय का. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीतली भाकरी आणि द्राक्षरस घ्यायला, सगळे उठतात, मी बाकावरच बसून राहते. आता पाचव्यांदा प्रार्थना म्हणू का? नेमकं करायचं काय असतं? आणि माझे मिस्टर हिंदू आहेत. ते म्हणतात, मी कुणाचं वाईट करत नाही, मला कसलं आमंत्रण? त्यांना काय सांगू?”

ताई, ठाण्यात एका लहानशा मराठी मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पाळक म्हणून मी 27 वर्षं काढली. हा प्रश्न घेऊन येणारे बहुतेक जण बाहेरचे नसतात. आपल्याच बाकांवर बसणारे असतात. घरात भिंतीवर वचनाचं कॅलेंडर असतं, कपाटात ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक असतं, आणि मनात एक शंका असते की सगळ्यांना पत्रिका पोचली, आपल्या नावाची निघाली होती की नाही कोण जाणे.

आधी सरळ उत्तर देतो. पाचव्यांदा म्हणू नका. ठाण्याहून पनवेल गाडीत बसलेला माणूस दिघ्याला उतरून पुन्हा तिकीट काढू लागला, मग ऐरोलीला, मग रबाळ्याला, तर त्याला आपण दक्ष म्हणणार नाही. अहो, बसून राहा, गाडी नेतेय तुम्हाला, असं म्हणू.

स्वीकार म्हणजे काय, हे योहानाच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात सांगून टाकलं आहे. बाराव्या वचनात ‘जितक्यांनी त्याचा स्वीकार केला तितक्यांना’ असं म्हणून योहान लगेच खुलासा करतो: ‘म्हणजे त्याच्या नावावर विश्वास ठेवणाऱ्यांना’. त्यातला ‘म्हणजे’ पेन्सिलीने अधोरेखित करा. स्वीकार ही विश्वासानंतर करायची वेगळी क्रिया नाही, तीच ती. आता अडचण अशी की मराठीत ‘विश्वास’ हा शब्द फार झिजला आहे. उद्या पाऊस पडेल असा माझा विश्वास आहे, असंही आपण म्हणतो. माझी आजी, नगर जिल्ह्यातली, वेगळा शब्द वापरायची: भिस्त. “पोरांच्या शिक्षणाची सगळी भिस्त मामावर.” मामावर भिस्त ठेवणाऱ्याने मामाबद्दल रोज भरून यायला हवं, असं काही नसतं. मामा कसा आहे, यावर सगळं असतं. तुम्ही चार वेळा तपासलंत ते तुमच्या मनाला. मामाकडे बघायचं राहूनच गेलं.

हात वर करायच्या पद्धतीबद्दल दोन शब्द बोलायला हवेत, कारण पुष्कळांना वाटतं की ती बायबलातूनच आली. नव्या करारात ठरावीक शब्दांची ‘स्वीकाराची प्रार्थना’ कुठेच नाही. पेन्टेकॉस्टच्या दिवशी लोकांनी ‘आम्ही काय करावं’ असं विचारलं, तेव्हा येशूचा शिष्य पेत्र याने पश्चात्ताप करा आणि बाप्तिस्मा घ्या असं सांगितलं. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याने तोच प्रश्न विचारला, तेव्हा पौल आणि सीला एवढंच म्हणाले: प्रभू येशूवर विश्वास ठेव. त्या माणसाने त्या रात्री काय केलं? ज्यांना फटके बसले होते त्या कैद्यांच्या, म्हणजे याच दोघांच्या, जखमा धुतल्या, घरच्यांसह बाप्तिस्मा घेतला आणि त्यांना घरी नेऊन जेवू घातलं. सभेत लोकांना सर्वांसमोर पुढे बोलावायची पद्धत गेल्या 200 वर्षांतली. अमेरिकेत 1830 च्या सुमारास चार्ल्स फिनी नावाच्या प्रचारकाने ती गाजवली. त्याच्या सभेत तारणाची, म्हणजे पापातून सुटण्याची, तळमळ लागलेल्यांसाठी पुढे खास बाक ठेवलेला असे. पद्धत वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्या बाकावर बसून पुष्कळांचं आयुष्य खरोखर पालटलं. पण ती पद्धत आहे, तारण नव्हे.

हे मला शहाणपणाने कळलं नाही, फजितीतून कळलं. सेवेच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी मी कळव्याच्या एका चाळीत एका घरी गेलो. बोललो, वचन वाचलं, शेवटी म्हटलं, डोळे मिटा आणि माझ्या मागे म्हणा. पाच जणांनी म्हटलं. घरी येऊन मी वहीत लिहिलं: पाच जणांनी स्वीकार केला. वर्षभराने त्यातला थोरला भाऊ स्टेशनबाहेर भेटला. हसत म्हणाला, “पास्टर, राग मानू नका. पाहुणा घरी आलेला, त्याने डोळे मिटा म्हटलं, मिटले. हातात तुमच्यासाठी चहा होता, नाही कसं म्हणणार?” तेव्हापासून मी आकडे लिहायचं सोडलं. गंमत अशी की तोच माणूस बारा वर्षांनी एकटा आला, कुणी न बोलावता, आणि एक तास नुसता रडला. त्या दिवशी मी प्रार्थना सांगितली नाही. त्यानेच केली, मोडक्यातोडक्या शब्दांत. त्यात ‘आमेन’ म्हणायचंही राहिलं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. नौपाड्यातल्या कुठल्याही हॉलच्या लग्नाची पत्रिका बघा. खाली बारीक अक्षरांत छापलेलं असतं: कृपया आहेर आणू नये, आपली उपस्थिती हाच आहेर. आणि आपण काय करतो? जांभळी नाक्यावर थांबून एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं पाकीट घेतो, त्यात पाचशेची नोट घालतो, आणि जेवून निघताना वधूपित्याच्या खिशात कोंबतो. त्याने नको नको म्हटलं की आपल्याला आणखीच बरं वाटतं. रिकाम्या हाताने जेवून उठायची लाज वाटते आपल्याला, कारण त्यात उपकार राहतो आणि उपकार मराठी माणसाला टोचतो. सगळ्या ख्रिस्ती शिकवणुकीतली सर्वांत अवघड गोष्ट ती हीच. देवाच्या पत्रिकेवरही हेच छापलेलं आहे. यशयाच्या 55 व्या अध्यायात तान्हेल्यांना बोलावणं आहे, ज्यांच्याजवळ पैसा नाही त्यांना. इफिसकरांस पत्रात पौल म्हणतो की तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, हे देवाचं दान आहे, कर्मांनी झालेलं नाही, म्हणजे कुणी बढाई मारायला नको.

ताई, तुमच्या चार प्रार्थना ही चार पाकिटं होती असं मला वाटतं. पहिल्यात पाचशे घातले, ते कमी वाटले म्हणून पुढच्यात हजार घातले. अधिक कळकळ, अधिक अश्रू, अधिक मन लावून म्हटलेले शब्द. आपली भावना हाच आहेर करून आपण देवाच्या खिशात कोंबायला बघतो. भावना ओसरली की वाटतं, पाकीट हलकं पडलं.

लूकच्या शुभवर्तमानाच्या 14 व्या अध्यायात येशूने सांगितलेला मोठ्या जेवणावळीचा दाखला आहे: एक धनी लोकांना जेवायला बोलावतो आणि ते ऐनवेळी नाही म्हणतात. त्यात मला दर खेपेला काहीतरी नवं सापडतं. त्या काळी बोलावणं दोनदा होई. आधी निमंत्रण, आणि स्वयंपाक झाल्यावर दास येऊन सांगे: चला, आता सर्व तयार आहे. म्हणजे नकार देणाऱ्यांनी आधी होकार दिलेलाच होता. त्यांची कारणं बघा. एकाने शेत घेतलंय, एकाने बैलांच्या पाच जोड्या, एकाचं लग्न झालंय. यातलं एकही पाप नाही. आपल्या नवी मुंबईत हा दाखला सांगताना शेताच्या जागी साडेबारा टक्क्यांचा प्लॉट, म्हणजे संपादित जमिनीच्या बदल्यात मिळणारा भूखंड, म्हणालो की मागच्या बाकांवर हसू फुटतं, आणि मग जरा शांतता पसरते. माणसं देवाला दुष्टपणामुळे नाही म्हणतात असं माझा अनुभव सांगत नाही. ती सातबारा, हप्ते आणि सुनेचं बाळंतपण यांत गुंतलेली असतात. पण तुमचं दुखणं ते नाही. तुम्ही त्या दाखल्याच्या दुसऱ्या अर्ध्यात आहात, जिथे दास गल्लीबोळांतून गरीब, लंगडे, आंधळे गोळा करून आणतो. त्यांच्यापैकी कुणी दारात अडखळलं असेल तर कारण एकच असणार: ‘आम्ही? एवढ्या मोठ्या घरात? चुकून बोलावलं असेल.’

तिथेच धनी दासाला सांगतो की घर भरेपर्यंत लोकांना आणच. त्या वाक्याचा इतिहासात मोठा गैरवापर झाला. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ऑगस्तीनसारख्या थोर माणसानेही वेगळा पंथ धरलेल्या ख्रिस्ती लोकांवर सक्ती करण्यासाठी त्याचा आधार घेतला. मला त्या जागी आपला मराठी ‘आग्रह’ हा शब्द फार बरोबर वाटतो. पंगतीत जिलबी घेऊन फिरणारा यजमान आग्रह करतो, ताटावर आडवा हात धरला तरी हसून एक वाढतो, पण कुणाच्या तोंडात कोंबत नाही. तुमच्या मिस्टरांचं उत्तरही यातच आलं. त्यांना काही सिद्ध करून दाखवू नका, भांडू तर मुळीच नका. त्यांना एवढंच सांगा की हे चांगल्या वागणुकीचं बक्षीस नाही, म्हणून चांगल्या माणसालाही ते मिळवलेलं म्हणून घेता येत नाही आणि वाईटालाही नाकारलं जात नाही. येशूच्या शेजारी क्रुसावर खिळलेल्या चोराकडे दाखवायला एकही सत्कृत्य नव्हतं, वेळही नव्हता. त्याने फक्त ‘माझी आठवण ठेवा’ म्हटलं. बाकी तुमच्या मिस्टरांचं त्यांच्यावर सोडा. घरात सक्तीची वाणी शिरली की आमंत्रण आमंत्रण राहत नाही, समन्स होतं.

‘सार्वकालिक’ या शब्दाबद्दलही लोकांचा घोटाळा होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, न संपणारं आयुष्य. नुसतं न संपणं हे वरदान असतं तर अश्वत्थामा सर्वांत भाग्यवान ठरला असता. आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं की कपाळावरच्या भळभळत्या जखमेसाठी दारोदार तेल मागत फिरणं, आणि ते कधीच न थांबणं, हा शाप आहे. येशूने सार्वकालिक जीवनाची व्याख्या योहानाच्या 17 व्या अध्यायात प्रार्थना करताना केली. तिथे वर्षांचा हिशोबच नाही: एकच खरा देव आणि त्याने पाठवलेला येशू ख्रिस्त यांना ओळखणं, हेच सार्वकालिक जीवन. ओळख मेल्यावर सुरू होत नाही. म्हणून पाचव्या अध्यायात तो म्हणतो की जो ऐकतो आणि विश्वास ठेवतो त्याला ते ‘प्राप्त झाले आहे’, तो मरणातून जीवनात ‘पार गेला आहे’. होईल, मिळेल, असं नाही. तुमच्या आई शांतपणे गेल्या असं तुम्ही लिहिलंत. त्यांनी त्या रात्री काही नवं मिळवलं नसावं. जुन्या ओळखीच्या माणसाकडेच त्या गेल्या.

आणि कोरडेपणाचं काय? इथे मला पंडिता रमाबाई आठवतात. 1883 मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. संस्कृतच्या गाढ्या पंडित, प्रत्येक गोष्ट तपासून घेणाऱ्या. पण नंतर त्यांनी आपल्या साक्षीत लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा जीव असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. ही गोष्ट सांगितली की तुमच्यासारखी माणसं आणखी घाबरतात: बघा, त्यांचंसुद्धा खोटं होतं, मग माझं काय! म्हणून पुढचं ऐका. आठ वर्षांनी रमाबाईंनी बाप्तिस्मा पुन्हा घेतला नाही. तारण हे आत्ता, फुकट, पापी माणसाला तो आहे तसा दिलेलं आहे, एवढंच त्यांनी खरं मानलं. नजर स्वतःवरून ख्रिस्ताकडे वळली. पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये हजारो बायकामुलींचं ओझं उचलत, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल करत त्या 1922 पर्यंत जगल्या. त्यात कोरडे दिवस आले नसतील असं मला वाटत नाही.

आणि सगळ्यांचं असं एका झटक्यात होतंच असंही नाही. कवी ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा झाला 1900 मध्ये. मधली वर्षं लक्ष्मीबाईंनी रडण्यात, रागावण्यात, विचार करण्यात काढली. त्यांच्या मनातली जातपातीची गाठ आधी सुटली, बाकीचं मागून आलं. कुठल्या तारखेला स्वीकारलं, असं त्यांना विचारलं असतं तर त्यांनी बहुधा काहीतरी खट्याळ उत्तर दिलं असतं. पहाट झाली हे कळतं, कुठल्या मिनिटाला झाली हे सांगता येत नाही. तारीख आठवत नाही म्हणून धास्तावणाऱ्यांना मी विचारतो, आईची ओळख तुम्हाला कोणत्या तारखेला झाली?

राहिलं प्रभुभोजन, आणि तुमच्या पत्रात मला खरी जखम दिसली ती तिथे. तुम्ही बाकावर बसून राहता, कारण करिंथकरांस पहिल्या पत्रातलं ‘अयोग्य प्रकारे’ खाणाऱ्याबद्दलचं वचन तुमच्या मनात बसलं आहे. ते लहानपणापासून वेदीवरून ऐकवून ऐकवून आम्ही पाळकांनीच बसवलं आहे, ही आमची चूक. तो भाग सबंध वाचा, अकरावा अध्याय, सतराव्या वचनापासून. करिंथात काय चाललं होतं? ज्यांच्याकडे होतं ते आधी येऊन जेवत होते, काही तर झिंगत होते, आणि ज्यांच्याकडे काही नव्हतं ते उपाशी राहत होते. पौल चिडला तो यावर. ‘अयोग्य’ हा शब्द तिथे खाण्याच्या रीतीला लागतो, खाणाऱ्याच्या लायकीला नाही. लायकीची अट असती तर येशूने शिष्यांबरोबर घेतलेल्या पहिल्या भोजनालाच जागा रिकाम्या राहिल्या असत्या. त्या रात्री ताटाभोवती येशूला नाकारणारा पेत्र होता, आणि सगळेच थोड्या वेळात पळून जाणारे होते. पौल पुढे लिहितो, माणसाने आत्मपरीक्षण करावं आणि मग ती भाकरी खावी. आत्मपरीक्षण करावं आणि बसून राहावं, असं तो लिहीत नाही.

आमच्या कॅथलिक शेजाऱ्यांच्या मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेत, हे फार सुरेख बसवलं आहे. आम्ही प्रोटेस्टंट सहसा कबूल करत नाही, पण मी करतो. ख्रिस्तप्रसादाआधी फादर कोकऱ्याच्या मेजवानीला बोलावलेल्यांना धन्य म्हणतात. त्यावर सगळे शुभवर्तमानातल्या रोमी शताधिपतीचे, म्हणजे शंभर शिपायांच्या नायकाचे, शब्द वळवून घेऊन म्हणतात की प्रभू, तू माझ्या छपराखाली यावंस अशी माझी योग्यता नाही. आणि एवढं म्हणून झालं की काय करतात? उठून रांगेत उभे राहतात. योग्यता नाही हे म्हणायचं, आणि तरी चालत पुढे जायचं. तुम्ही पहिला अर्धा भाग वर्षभर अगदी मनापासून करता आहात.

तुमच्या कॅलेंडरवर बहुधा प्रकटीकरणाचं, म्हणजे बायबलातल्या शेवटच्या पुस्तकाचं, ते वचन असेल: पाहा, मी दाराशी उभा आहे व दार ठोकत आहे. सभांमध्ये ते नव्या माणसांना सांगतात, पण मुळात ते लिहिलं गेलं लावदिकीया इथल्या मंडळीला. कोमट पडलेल्या, आपल्याच माणसांना. आत आल्यावर येशू काय करणार म्हणतो? परीक्षा घेणार, वही तपासणार, असं काही नाही. ‘त्याच्याबरोबर जेवीन.’

आता करायचं काय, ते विचारलंत. फार नाही. एखाद्या संध्याकाळी मिस्टर कामावर असताना दार लावून मोठ्याने बोला, तुमच्या घरात बोलता त्या मराठीत, कुणाच्या मागे नाही. जे खरं आहे तेच सांगा, कोरडं वाटतं तर कोरडं वाटतं म्हणा. मार्काच्या शुभवर्तमानात एका आजारी मुलाच्या बापाने म्हटलं होतं, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. येशूने तेवढ्यावर त्याचा मुलगा बरा केला. योहानाचं शुभवर्तमान रोज एक अध्याय वाचा. 21 अध्याय आहेत, तीन आठवड्यांत होईल. वाचताना ‘मला काय वाटतंय’ हे बघू नका, ‘हा माणूस कसा आहे’ एवढंच बघा. बाप्तिस्मा पुन्हा घ्यायचा का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. माझं मत, गरज नाही. काही मंडळ्यांत याला वेगळं उत्तर मिळेल, त्यांच्याशी वाद घालत बसू नका. पश्चात्तापाचं म्हणाल, तर ज्या एका माणसाशी तुम्ही बोलणं टाकलं आहे, आणि असं एक माणूस प्रत्येकाला असतं, त्याला फोन करा. तुरुंगाधिकाऱ्याने जखमा धुतल्या, त्यातलाच हा प्रकार आहे.

तुमच्या पाळकांना हे सगळं एकदा सांगा, माझ्यापेक्षा ते तुम्हाला जास्त ओळखतात. आणि पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी मागच्या बाकावर बसलात तरी हरकत नाही. तुमची रांग उठली की पर्स बाकावर ठेवा आणि रिकाम्या हाताने पुढे या.